शिफारसपत्र

बर्फ वितळण्याआधीच सहाव्या विद्यापीठानेही कोरीनला राज्यशास्त्राच्या पीएचडीसाठी नकार कळवला. वर्गातल्या वेस्लीला मात्र चार होकार आले. "प्रोफेसरांनी शिफारसपत्र मलाही स्वतःच लिहून आणायला सांगितलं," तो हसला. "'वीस वर्षांतला सर्वोत्तम विद्यार्थी' ठोकून दिलं. तू काय लिहिलंस?" "मेहनती आहे, असं. जे खरं ते." "भोगा, सत्यवादी बाई." प्रोफेसरांची सही दोन्ही पत्रांवर सारखीच झोकदार होती. कोरीन तडक त्यांच्या खोलीत शिरली. "सर, माझा पदवीचा प्रबंध वाचलात तरी?" "पत्रच मिळमिळीत लिहिलंस, पोरी. पुढच्या वर्षासाठी दणदणीत लिहून आण." तासाभरात ती नवं पत्र टाइप करून आली. प्रोफेसरांनी फोनवर बोलताबोलता सही केली. "आता कसं वजनदार झालं." कोरीनने ते सूचनाफलकावर वेस्लीच्या अभिनंदनाशेजारी लावलं. पहिलीच ओळ होती: "या विद्यार्थिनीचं एकही पान मी वाचलेलं नाही."