परसाकडची वाट

निशिगंधाने तळहात पुढे धरला होता. तळहातावर मॉर्फिनच्या सहा गोळ्या. सासऱ्याच्या, गोमाजीच्या चंचीत, सुपारीखाली सापडलेल्या. गोमाजी पडवीतल्या खाटेवर बसून कापडे गावच्या उतारावरचं पिवळं भात पाहत होता. जणू दुखणं दुसऱ्याच कोणाचं होतं.

"एक घेता, एक लपवता. मणक्यात कर्करोग आहे, मामा. नुसते दात आवळून सोसणार?"

"सोसवतंय." त्याने पोटावरून हात फिरवला. "गोळीनं पोटाचा दगड व्हतो गो. पाच दिस झालं. त्यापरीस कळ बरी."

"म्हणून तर पोट साफ व्हायचं औषध दिलंय. महाडच्या डॉक्टरांनी बजावलंय, ही गोळी चालू तोवर ते रोज. ती बाटली अजून भरलेली कशी?"

त्याने नजर खाली वळवली. "त्यानं घाई व्हते. पाय धरत नाय. पोरगा सुशांत मुंबईला. मंग हाक कुनाला मारू? सुनेला सांगू, परसाकडं न्ये म्हनून?"

घरात पाऊल टाकण्याआधी हा माणूस आजही खाकरत असे. तिला समजलं, तो कळेला भीत नव्हता. पडवीपासून संडासापर्यंतच्या तेरा पावलांना भीत होता.

ती उठली. गोठ्यातून बैलाचा कासरा आणला, एक टोक पडवीच्या खांबाला आणि दुसरं संडासाच्या चौकटीला, कमरेच्या उंचीवर, ताणून बांधलं. स्वतःचा भार टाकून दोनदा पाहिलं.

"गुरागत बांधतंस काय मला?"

"गुराला जाता येऊ नये म्हणून बांधतात. तुम्हांला जाता यावं म्हणून बांधलाय."

मग गोळी आणि औषध तिने एकदमच पुढे केलं. "दोन्ही घ्यायचं. आणि रोज सकाळी मी विचारणार, झालं का म्हणून. तुम्ही खुशाल लाजा."

"लय आगाव हायस," तो पुटपुटला. पण दोन्ही घेतलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता खाट करकरली. निशिगंधा चहाचं आधण ठेवत होती.

"मामा, येऊ का बरोबर?"

त्याने दोन्ही हातांनी कासरा पकडला आणि एकटाच संडासाकडे निघाला. ती चुलीकडे तोंड करून उभी राहिली. मागे खांबावर गाठ कुरकुरत होती, थांबत होती, पुन्हा कुरकुरत होती.