पाच ते पाच-दहा

माहिती अधिकाराच्या अर्जाला एकविसाव्या दिवशी उत्तर आलं. सुनयनाने शिक्षण विभागाच्या खिडकीशीच पाकीट फोडलं. तिची मुलगी मृण्मयी महिनाभर धड जेवत नव्हती, आणि सुनयनाचा संशय गणिताच्या डोईफोडे सरांवर होता. शाळेतल्या मनगटपट्ट्या दिवसभर प्रत्येक मुलाची नाडी नोंदवत. ती नोंद तिने मागवली होती.

इतर मुलांच्या ओळी नियमाप्रमाणे काळ्या केल्या होत्या. मृण्मयीच्या गणिताच्या तासाला ठोके चौऱ्याहत्तर. रोज तसेच.

"सरांपुढे तर पोरगी निवांत आहे, ताई," लिपिक भालेरावबाई म्हणाल्या.

पण तिच्या प्रत्येक पानावर, पाच ते पाच-दहा, एक काळा पट्टा होता.

"हे कुणी झाकलं?"

"तिनेच. बारा वर्षांपुढच्या मुलांना स्वतःची नोंद आईवडिलांपासून झाकता येते."

"कारण?"

"ते आम्हीही विचारू शकत नाही. अपील करा. मग तिला तुमच्यासमोर बसवून विचारतील." बाईंनी कोरा अर्ज पुढे सरकवला. "पाचला शाळा सुटते. पाच-दहाला मनगटपट्टी काढेपर्यंत फाटकावर कोण असतं तिच्याजवळ?"

"मीच असते," सुनयना म्हणाली. फाटकावर ती रोज पहिला प्रश्न एकच विचारायची: आज चाचणीत किती पडले?

साडेचार वाजले होते. अर्ज तिथेच ठेवून तिने शेजारच्या वीणावहिनींना फोन लावला.

"वहिनी, आज मृण्मयीला तुम्ही आणाल? आणि तिला काही विचारू नका हं."