उजेडाची खुर्ची

"दार वाजवत बसू नका, ताई. सरळ आत जा," कारकून म्हणाला. "वाजवून आजवर कुणाला 'या' मिळालेलं नाही. साहेबांची ऐट!"

ती त्याच्या ओठांकडे बघत होती. लहानपणी तापात कान गेले, तेव्हापासून ती डोळ्यांनीच ऐकायची.

"आणि मान वर करून बोला. पुटपुटलेलं त्यांना खपत नाही. माझ्या मिशा उतरवायला लावल्या, बघा! म्हणे, कामावर गबाळेपणा नको. बायको आठवडाभर ओळख दाखवेना."

ती हसली. कापडातले दोष शोधायच्या परीक्षेत ती पहिली आली होती. आता फक्त साहेबांचा होकार हवा होता. याआधीच्या गिरण्यांनी तिला चहा पाजून वाटेला लावलं होतं. घरी आई आणि लेक वाटेकडे डोळे लावून बसल्या होत्या.

साहेब उघड्या खिडकीला पाठ करून बसले होते. सगळा उजेड समोरच्या खुर्चीवर. तिच्या तोंडावर ऊन, त्यांच्या तोंडावर अंधार.

"साहेब, तुमचे ओठ नीट दिसत नाहीत. खुर्ची जरा बाजूला घ्याल?"

"माझी खुर्ची इथेच राहील."

ती पुढे सरकली. डोळे ताणले.

"काम चोख आहे तुमचं," साहेब म्हणाले. "पण दया दाखवायला जाऊन तुमचा जीव धोक्यात घालू का?"

दया! तिने मागितली कुठे होती? तिच्यासारख्यांना न मागता मिळते ती तेवढीच.

"धोका कसला?"

"आग लागली की आवारातला भोंगा वाजतो. वीज जाते, म्हणून रखवालदार तो हाताने फिरवतो."

"मग भिंतीवर बॅटरीवर चालणारा एक लाल दिवा लावा. पेटला की मी पळेन."

"एका माणसासाठी दिवा?" साहेबांचा चेहरा आवळला. "माणसं कुणाकडे काही न मागताही निभावून नेतात. कुणाला पत्ता लागू देत नाहीत."

"अशी कोण आहेत, साहेब?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

तेवढ्यात त्यांच्या खांद्यावरून तिला दिसलं. रंगखात्याच्या दारातून काळा धूर निघत होता. रखवालदार धावत भोंग्यापाशी गेला आणि दांडा धरून जिवाच्या आकांताने फिरवू लागला. कामगार कानांवर हात दाबत फाटकाकडे पळत सुटले.

ती ताडकन उठली.

"साहेब—"

"बसा!" तिच्या तोंडावरची नजर न काढता साहेब म्हणाले. "आधी मला उत्तर द्या. भोंगा वाजला, तर तुम्हाला कळणार कसं?"