अकरा घरांची खिडकी

गावाची खिडकी मी फोडली, पण तसं घडलंच नाही असं धरून ऐका. सरकारनं फुकट दिलेली जमीन नावावर व्हायला घराला काचेची खिडकी लागायची. अमेरिकेत डाकोटातल्या आमच्या नव्या गावात घरं अकरा, खिडकी एकच. पाहणीला साहेब आला की ती त्याच्या आधी पुढच्या घरात पोचायची. माझ्या घरी म्हणाला, “बाई, सगळ्यांच्या काचेला त्याच कोपऱ्यात तडा कसा?” “एकाच दुकानातून घेतल्या, साहेब.” तो कॉफी पिताना मी मागून खिडकी काढून विधवा गुनहिलकडे निघाले. वाटेत काचेत दोन वर्षांनी स्वतःचा चेहरा दिसला. तोच बघत चालले आणि बिळात पाय जाऊन खिडकीसकट पडले. “लागलं नाही ना गं?” गुनहिलने विचारलं. तिची जमीन गेली. माननीय अधिकाऱ्यांस नम्र विनंती: गुनहिलची एकशेसाठ एकर जमीन तिला परत करून तीवर आता उभे असलेले रेल्वे स्टेशन थोडे बाजूला सरकवावे.