खाकी कव्हर

न वाचलेली सगळी संपल्याशिवाय नवं पुस्तक घ्यायचं नाही, असं ठरवून हेमाताईंनी कपाट उघडलं. शाळेतून निवृत्त झाल्या, तरी प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घालायची सवय सुटली नव्हती. त्यामुळे आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळायचं नाही.

कपाटाच्या काचेवर त्यांच्याच वळणदार अक्षरात पाटी होती: ‘पुस्तके मागू नयेत. काही जण तर न दिलेलीही परत मागतात.’

दुसरं वाक्य खास आम्रपालीसाठी होतं. वीस वर्षं शेजारच्या वर्गावर शिकवणारी जिवाभावाची मैत्रीण. पण ‘माझं पुस्तक तुझ्याकडे राहिलंय’ असं ती तिसऱ्यांदा म्हणाली आणि हेमाताईंनी बोलणंच टाकलं. आठ वर्षं झाली. कर्वेनगरात भाजीच्या गाडीवर ती समोर आली, तरी हेमाताई कोथिंबिरीकडे बघायच्या.

आज सतरावं पुस्तक उघडलं, तर पहिल्याच पानावर निळ्या शाईत नाव: आम्रपाली गायकवाड.

हेमाताई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. गॅसवरचा चहा उतू गेला. माफी कशी मागायची ते मनात चारदा घोळवलं, दोनदा फोन लावून रिंग जायच्या आत कट केला. तिसऱ्यांदा मात्र आम्रपालीनं लगेच उचलला.

“अगं, मी...” हेमाताईंच्या तोंडून एवढंच फुटलं.



“झालं का गं वाचून?” पलीकडून आम्रपालीनं विचारलं.