अकरा सेकंदांचा आळस

पडद्यावर चौदाव्यांदा तीच ओळ उमटली: ‘डिस्क खोटारडी. काम बंद.’

जावयाने लॅपटॉपवरचे हात काढून गुडघ्यांवर ठेवले. पाणीपुरवठा केंद्राचा तीस वर्षांचा कॉम्प्युटर पहाटे गेला होता. रीतसर, धूर वगैरे काढून. त्याच्या जागी आता हा लॅपटॉप बसणार होता. त्यात जुन्या मशीनचं हुबेहूब सोंग वठवणारा प्रोग्राम होता, जावयाने तीन महिने खपून केलेला. नकली प्रोसेसर, नकली मेमरी, नकली डिस्क. खऱ्या गोष्टी दोनच. एक तळघरातला मोठा व्हॉल्व्ह, आणि दुसरा जुन्या चिपमधून जसाच्या तसा उचललेला बूटलोडर, म्हणजे मशीन चालू झालं की सगळ्यांत आधी उठून बाकीच्यांना उठवणारा एवढासा प्रोग्राम. तो उठत होता, डिस्ककडे एकदा बघत होता आणि पुन्हा आडवा होत होता.

तोवर अर्धं शहर कोरडं पडलं होतं. इस्पितळाच्या टाकीत बारापर्यंतचं पाणी होतं आणि सव्वाअकरा वाजले होते. व्हॉल्व्ह हाताने उघडायला एक चाक होतं, पण ते गंजून गंजून भिंतीच्या नात्यातलं झालं होतं.

“असला मेसेज लिहितं तरी कोण?” जावई म्हणाला.

“तुमच्या सासूबाई,” केंद्रप्रमुख म्हणाले. “गाडी पाठवलीय. पोचतील एवढ्यात.”

सासूबाई इथूनच निवृत्त झाल्या हे जावयाला माहीत होतं. त्याची समजूत होती, रजेचे अर्ज बघणाऱ्या खात्यातून. मागच्याच रविवारी जेवताना त्याने या बूटलोडरबद्दल ‘नुसता कचरा आहे हो’ असं सगळ्यांना ऐकवलं होतं. तेव्हा सासूबाईंनी त्याला आणखी वाढलं होतं.

त्या आल्या. चष्मा पुसला, पडद्यावरची ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अगंबाई. चालतंय की अजून.”

“आई, चालत नाहीये. तेच तर.”

“माझं चालतंय, जावईबापू. तुमचं चालत नाहीये.” त्यांनी खुर्ची ओढली. “ही तुमची डिस्क तयार व्हायला किती वेळ घेते?”

“काहीच नाही. शून्य सेकंद.” एवढ्या संकटातही त्याच्या आवाजात थोडा अभिमान आलाच.

“मग खोटारडी नाही तर काय. आमची डिस्क पट्ट्यावर फिरायची. तिला वेग पकडायला अकरा सेकंद लागायचे. नऊच्या आत ‘तयार आहे’ म्हणाली की समजायचं, पट्टा तुटलाय आणि बाई जागच्या जागी बसून थापा मारतेय. तिच्या भरवशावर व्हॉल्व्ह उघडून शहर बुडवायचं का?”

“म्हणजे माझी डिस्क फार चांगली आहे म्हणून...”

“म्हणून तिच्यावर विश्वास नाही.”

प्रमुखांचा फोन वाजला. इस्पितळातली मुख्य परिचारिका. ते “हो, हो, बघतोय” म्हणत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

जावयाने नकली डिस्कची सेटिंग उघडली. तीन महिने त्याने या मशीनमधून सेकंद वेचून बाहेर काढले होते. आता अकरा परत आत घालताना बोटं अडखळली.

“बारा टाकू का? जरा सुरक्षित.”

“बारा झाले की ती आजारी आहे असं धरून बूटलोडर सगळंच बंद करतो. अकरा.”

त्याने अकरा टाकले आणि मशीन सुरू केलं. काहीच झालं नाही.

“हँग झालं,” केंद्रप्रमुख फोनवर हात ठेवून म्हणाले.

“तीनच झालेत,” सासूबाई म्हणाल्या.

पाच. सहा. आपणच घातलेला उशीर आपल्यालाच इतका लांब वाटेल असं जावयाला वाटलं नव्हतं. आठव्या सेकंदाला प्रमुखांचा हात बंद करायच्या बटणाकडे निघाला. सासूबाईंनी तो न बघताच बाजूला केला, नोकरीभर साहेबांचे हात बाजूला करत आल्यासारखा. नऊ. दहा.

पडद्यावर ओळ आली: ‘बरं. उठते.’

पायाखालची फरशी हलकीच थरथरली. तळघरात व्हॉल्व्ह जांभई दिल्यासारखा कण्हला आणि पडद्यावरचे आकडे एकामागून एक चढायला लागले.

“निघालंय,” प्रमुख फोनमध्ये म्हणाले. “हो, पाणीच.” मग ते टेबलाच्या कडेला टेकले.

आपण श्वास घेतलेला नाही हे जावयाला आत्ता कळलं. त्याने तो घेतला. आणखी एक घेतला.

“रविवारी कचरा म्हणालात ते याच्याबद्दलच ना?” सासूबाईंनी सहज विचारलं.

“नाही हो आई. ते मी... भाजीबद्दल म्हणालो होतो.”

“ते ह्यांना सांगू नका. त्यांनी केली होती.”

आणि मग त्या हसल्या, आणि जावई इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले.

कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ खोकला. सकाळी कुणीतरी पाणी आलं का बघायला सोडला असणार. तो दोनदा गुरगुरला, तांबूस थुंकला, आणि मग स्वच्छ, जाड धार धरून वाहायला लागला.

शहरातल्या प्रत्येक नळावर ‘थेंबही वाया घालवू नका’ ही पाटी लावून घेणारे केंद्रप्रमुख हाताची घडी घालून तिकडे बघत राहिले.

“वाया जातंय,” सासूबाई म्हणाल्या.

“जाऊ द्या हो जरा,” ते म्हणाले.