रिकामं बाकडं

बाकडं रिकामं होतं आणि दोघंही उभे होते.

अप्पारावांनी दवाखान्याच्या भिंतीला हात टेकला. माकडहाडाजवळ, नसांच्या मुळांवर पाण्याच्या पिशव्या झाल्यात, असं डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं होतं. बसलं की त्या दाबायच्या आणि पार पोटरीपर्यंत आग उठायची. कापाकापीत पाय जायची भीती, म्हणून आज सुईनं पाणी काढून आत औषध सोडायचं ठरलं होतं. तोवर उभं राहा नाहीतर आडवं व्हा, पण बसू नका.

ते सगळं ठीक. पण समोर नेमके गावचे तात्यासाहेब पाटील यावेत? नशीबही मेलं कशी चेष्टा करतं बघा! नामांतराच्या दंगलीत अप्पारावांची वस्ती पेटली, तेव्हा हाच माणूस ओट्यावर बसून बघत होता. अप्पाराव बायकापोरं घेऊन शहरात आले, चिकलठाण्याच्या कंपनीत चिकटले. यंदा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, तेव्हा पेढे वाटताना म्हणाले होते, "आता कुणापुढं उभं ऱ्हायचं नाय."

आणि हे पाटील बाकड्याला शिवायला तयार नाहीत. अजून विटाळ होतो काय आमचा? अप्पारावांच्या डोक्यात तिडीक गेली.

तेवढ्यात तात्यासाहेबच बोलले, "बस की अप्पा. आता काय पहिल्यावानी ऱ्हायलंय व्हय? मला बघून कशापायी उभा?"

झालं! "तुमच्यासाठी उभा नाय मी," म्हणत अप्पाराव धाडकन बसले. डोळ्यांपुढं काजवे चमकले. घामानं सदरा भिजला, पण तोंडातून हूं का चूं काढलं नाही. पाटील उभा आणि आपण बसलेलो! एवढ्या दुखण्यातही त्यांना लई बरं वाटलं.

नर्सबाई बाहेर आल्या नि ओरडल्याच, "अहो, बसलात कशाला? तुम्हाला नि या पाटलांना, दोघांनाही बसायची मनाई आहे ना! दुखणं एकच तुमचं."

तात्यासाहेबांचा चेहरा उतरला. ही आग काय असते, ते त्यांच्याइतकं तिथं कुणाला ठाऊक होतं? ते लंगडत पुढं आले. हात पुढं केला. डोळ्यांत खरोखरच माया होती.

"ऊठ, अप्पा," ते म्हणाले.

जीव जात होता. हात धरल्याशिवाय उठणं शक्य नव्हतं. पण पाटलाच्या तोंडून 'ऊठ' ऐकून अप्पारावांचा आजा उठला होता, बाप उठला होता. अप्पाराव दात आवळून बसून राहिले.